आई-बाबा सोलापुरात, डॉक्टर मोबाइलवर: दूरवरून उपचार घेण्याची पायरीवार तयारी

मुलं पुण्यात नाहीतर हैदराबादेत, आई-बाबा जुळे सोलापुरात किंवा मंगळवेढ्याकडच्या एखाद्या गावात, आणि बीपी-शुगर दोघांनाही. अशा घरांची आपल्याकडे वाण नाही. हा लेख त्या घरांसाठी.

व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि पुढच्याच महिन्यात ई-संजीवनी या सरकारी सेवेची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. तरीही पहिला कॉल अनेकदा वाया जातो, आणि दोष नेटला दिला जातो. खरं कारण वेगळंच असतं. डॉक्टर विचारतात, "बीपी किती असतं?" घरचे म्हणतात, "नॉर्मलच असतं." डॉक्टर विचारतात, "कोणती गोळी चालू आहे?" उत्तर येतं, "ती छोटी पांढरी." यावर कोणताही डॉक्टर एवढंच म्हणेल की पेशंटला दवाखान्यात आणा.

डॉक्टरांचा हात पेशंटला लागणार नाही. म्हणून त्या हाताचं काम जमेल तेवढं घरच्यांनी आधीच करून ठेवायचं, आणि जे जमणार नाही त्यासाठी मुकाट दवाखाना गाठायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

## १. आधी ठरवा: डॉक्टरांना कॉल की १०८

पुढच्या गोष्टींत व्हिडिओ कॉल लावूच नका.

- छातीत दाब, भरून आल्यासारखं होणं, दरदरून घाम, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं
- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ जड होणं
- बसल्या जागी धाप, ओठ निळसर, ऑक्सिजन ९० च्या खाली
- फिट येणं, शुद्ध हरपणं, अचानक असंबद्ध बोलणं
- गरोदर बाईला रक्तस्राव, झटके किंवा जोराची डोकेदुखी
- साप चावणं
- एप्रिल-मेच्या उन्हातून आल्यावर अंग तापलेलं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागणं

अर्धांगवायूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅनही व्हावा लागतो. म्हणून पेशंट शेवटचा ठणठणीत किती वाजता दिसला, ती वेळ लिहून घ्या. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. साप चावल्यावर त्याला शोधून फोटो काढण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते. चीर देऊ नका, करकचून बांधू नका, हातपाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालयात न्या. ऊन लागलेल्याला अँब्युलन्स येईपर्यंत सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

एक सापळा बाहेरगावच्या मुलांसाठी. १०८ ची सेवा राज्यवार आहे. तुम्ही हैदराबादेतून १०८ लावलंत तर फोन तेलंगणच्या केंद्रात लागेल. फोन सोलापुरातूनच गेला पाहिजे. त्यासाठी शेजारच्या दोन माणसांचे नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे हवा. पत्ता सांगताना सोसायटीच्या नावापेक्षा चौक, मंदिर, पाण्याची टाकी अशी खूण लवकर कळते. ती खूण आई-बाबांच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.

## २. मार्ग निवडा

नेहमीचे डॉक्टर. ज्यांच्याकडे तुमचा केसपेपर आहे त्यांनाच आधी विचारा की व्हिडिओवर बघता का, किती वाजता, फी किती. ॲपवर नवा नामांकित डॉक्टर शोधण्यापेक्षा हा मार्ग नेहमीच बरा. नियमाचीही त्याला जोड आहे: त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून ६ महिने झाले नसतील तर कॉल 'फेरतपासणी' धरला जातो आणि डॉक्टरांना औषधं लिहायला जास्त मोकळीक मिळते. सहा महिने उलटले की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शेवटच्या प्रत्यक्ष भेटीची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ई-संजीवनी. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने बनवलेली सरकारी सेवा, मोफत. वेबसाइट किंवा ॲपवर मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, पेशंटची माहिती भरायची, त्रास लिहायचा, रिपोर्ट जोडायचे, ओपीडी निवडून टोकन घ्यायचं आणि रांगेत थांबायचं. चुका होतात त्या अशा:

- मोबाइल मुलाचा म्हणून पेशंटच्या जागीही मुलाचंच नाव-वय पडतं. मग ६८ वर्षांच्या वडिलांची औषधं ३५ वर्षांच्या मुलाच्या नावावर निघतात आणि मेडिकलवाला अडतो.
- रिपोर्ट नंतर दाखवू म्हणून राहून जातात. ते टोकनआधीच जोडा.
- रांगेत असताना दुसरं ॲप उघडलं जातं, स्क्रीन बंद होते आणि नंबर आला तेव्हा कोणी नसतं.
- ओपीडीच्या वेळा वेगवेगळ्या असतात. त्या-त्या दिवशी स्क्रीनवर दिसेल ती वेळ खरी.
- कॉल संपताच प्रिस्क्रिप्शन उतरवून घ्या, संध्याकाळवर ढकलू नका.

आयुष्मान आरोग्य मंदिर. म्हणजे गावातलं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. घरात स्मार्टफोन नसेल, किंवा असूनही कोणाला चालवता येत नसेल, तर खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हाच सगळ्यांत चांगला मार्ग आहे, आणि याचीच चर्चा सगळ्यांत कमी होते. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, बीपी-शुगर स्वतः मोजतात, ई-संजीवनीवरून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांना जोडून देतात आणि साठ्यात असलेली औषधं तिथेच देतात. मोजणारा हात प्रशिक्षित आणि डॉक्टर पडद्यावर, ही जोडी घरच्या कॉलपेक्षा भरवशाची. लसीकरणाच्या दिवशी गर्दी असते, म्हणून आशाताईंना आदल्या दिवशी विचारून जा.

टेली-मानस, १४४१६. झोप उडालेली, सतत धास्ती, घरात कोणाच्या तरी मनात जीव देण्याचे विचार: यासाठी २४ तास चालणारी ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मराठीत बोलता येतं, साधा फोन पुरतो.

सोलापूरसाठी एक खास मुद्दा. पूर्व भागातल्या कित्येक आजी तेलुगूतच मोकळेपणाने बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नडमध्ये. पडद्यावरच्या अनोळखी डॉक्टरला त्या "बरं हाय" एवढंच सांगतील. शेजारी दोन्ही भाषा येणारं माणूस बसवा, आणि त्याला बजावा की स्वतःचं मत न घालता आजी बोलल्या तेवढंच सांगायचं.

## ३. कागद आणि आभा

लागणारी कागदपत्रं:

- आधार, आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर
- आभा क्रमांक (असेल तर)
- मागच्या भेटीचा केसपेपर आणि प्रिस्क्रिप्शन
- गेल्या वर्षभराचे रक्ताचे रिपोर्ट, शेवटचा ईसीजी
- ऑपरेशन किंवा भरती झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड
- चालू औषधांची यादी आणि ॲलर्जी

आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य क्रमांक. आधार किंवा वाहन परवान्यावरून तो मोफत काढता येतो, रिपोर्ट एका जागी जोडता येतात, आणि मोठ्या रुग्णालयांत ओपीडीच्या खिडकीवरचा क्यूआर स्कॅन करून नाव-वय सांगण्याची रांग वाचते. तो ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून उपचार अडत नाहीत.

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो: आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड एक नव्हेत. आभा ही रिपोर्टची फाईल, त्यात एक रुपयाचाही विमा नाही. आयुष्मान कार्डावर रुग्णालयात भरती झाल्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. ७० वर्षं आणि त्यावरच्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारं 'वय वंदना' कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं आहे, ते वेगळं काढा. त्यातूनही व्हिडिओ कॉलची फी किंवा रोजच्या गोळ्या भागत नाहीत. ते भरतीसाठी आहे.

दुसरी अडचण जुन्या सिमची. वडिलांचं आधार दहा वर्षांपूर्वीच्या बंद पडलेल्या नंबरला जोडलेलं असतं आणि ओटीपी कुठेच येत नाही. नंबर बदलताना पेशंट स्वतः हजर लागतो, म्हणून आधी तेवढं करा.

रिपोर्टचे फोटो. लॅबकडून पीडीएफच मागा. कागदच असेल तर तो जमिनीवर सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात, मोबाइलची सावली न पडू देता फोटो काढा. पेशंटचं नाव आणि तारीख चौकटीत आलीच पाहिजे. ईसीजीची पट्टी पूर्ण दिसू द्या. अर्ध्या पट्टीवरून निदान होत नाही. एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरून काढा, मागून ट्यूबलाइट नको, पट्टे उमटतात. फाईलचं नाव 'आई शुगर मार्च' असं ठेवा. व्हॉट्सॲपवर एकामागून एक तेवीस फोटो टाकले तर डॉक्टर पहिले चारच बघतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

औषधांची यादी. पट्टीची मागची बाजू दिसेल असा फोटो काढा: औषधाचं नाव, मिलिग्रॅम, मुदत. मेडिकलवाला पट्टी कापून देतो तेव्हा नावाचा भाग नेमका दुकानातच राहतो, म्हणून नाव असलेला तुकडा मागून घ्या. यादीत घेण्याची वेळ लिहा आणि न घेतलेली गोळीही लिहा. 'संपली म्हणून आठ दिवस बंद' ही माहिती डॉक्टरांना हवी असते, नाहीतर ते डोस उगाच वाढवतात. वैद्यांचे काढे, हाडवैद्यांच्या पुड्या, गुडघ्यासाठी चौकातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या हे सगळं यादीत आलं पाहिजे. अशा गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीला मार बसतो.

## ४. घरची यंत्रं: खरं काम इथे आहे

बीपी मशिन. दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. दंडाच्या मधल्या भागाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं आणि माणूस नको ती गोळी खातो.

मोजायची पद्धत:

- चहा, तंबाखू, मिश्री, बिडी यांपैकी काहीही घेतल्यावर अर्धा तास थांबा. सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावून लगेच बीपी मोजणाऱ्या बायका आपल्याकडे भरपूर; त्यांचा सकाळचा आकडा म्हणूनच चढा येतो.
- लघवीला जाऊन या.
- पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी न घालता ५ मिनिटं गप्प बसा. मोजताना टीव्ही बंद आणि सुनेशी बोलणंही बंद.
- बाही वर सरकवून आवळू नका, दंड मोकळा करा. पट्टा छातीच्या पातळीत येईल असा हात टेबलावर किंवा उशीवर ठेवा.
- एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. 'गोल' करून १३०/८० लिहायचं नाही.

पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजा आणि जास्त येईल तोच हात पुढे कायम धरा. कॉलच्या आधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं की डॉक्टरांना खरं चित्र मिळतं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढतात. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर ते वाढलेलं बीपी. एकदा १८०/१२० दिसलं आणि त्रास काही नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखतंय, दिसायला अंधुक किंवा धाप असेल तर मात्र पायरी १.

उठताना तोल जात असेल तर बसून मोजल्यावर उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर ते डॉक्टरांना ठळक सांगा. म्हाताऱ्या माणसांच्या पडण्यामागे बऱ्याचदा हेच असतं आणि ते गोळी बदलून सुधारतं.

नवं मशिन एकदा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशिनशी ताडून बघा, आणि पुढे दरवर्षी.

ग्लुकोमीटर. मशिन स्वस्त असतं, खर्च पट्ट्यांचा. घेण्याआधी त्या पट्ट्या तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतात का ते बघा. हात साबणाने धुवून कोरडे करा. नुसतं सॅनिटायझर लावून ओल्या बोटाला टोचलं की आकडा चुकतो. आंबा किंवा गूळ हाताळलेल्या बोटावर तर शुगर भलतीच वर दिसते. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या, बोट पिळू नका.

आपल्या उन्हाळ्याचा फटका पट्ट्यांना बसतो. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात आणि पत्र्याच्या घरात मे महिन्यात दुपारी त्याच्या पुढेच असतं. डबी टीव्हीवर, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. माठाजवळच्या गार कोपऱ्यात, पण कोरड्या जागी ठेवा. झाकण लगेच लावा. डबी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. फोडल्यानंतरची मुदत वेगळी असते, ती डबीवर छापलेली असते. इन्सुलिन असेल तर ते फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

उपाशीपोटी म्हणजे किमान ८ तास, त्यात चहाही नाही. जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून दोन तासांनी. आकड्याशेजारी जेवण लिहा: दोन ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, वाटीभर आमटी. पडद्यावरच्या आहारतज्ज्ञ बाईंना "साधंच जेवतो" यातून काही कळत नाही. चटणीत मीठ किती जातं तेही सांगा, बीपीशी त्याचा थेट संबंध आहे.

शुगर ७० च्या खाली आली तर कॉल नंतर. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली की भाकरी-भाजी काहीतरी खायला घाला.

ऑक्सिमीटर. पाच मिनिटं बसल्यावर, नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नसलेल्या बोटाला, हात गरम करून लावा आणि आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा. पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. नाडी ७२ बघून "ऑक्सिजन ७२ झाला" अशी घबराट होते. टक्क्याचं चिन्ह असलेला ऑक्सिजन. ९४ च्या खाली राहत असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

वजनकाटा. हृदय किंवा किडनीच्या पेशंटसाठी. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, तेवढ्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ती चरबी नव्हे, अंगात साचलेलं पाणी. तारखेची वाट न बघता कॉल करा.

## ५. कॉलच्या दिवशी

जागा उजेडाची हवी, पण खिडकी पेशंटच्या पाठीमागे नको. चेहरा काळा दिसतो. मोबाइल हातात धरू नका, डब्याला टेकवून डोळ्यांच्या पातळीत ठेवा. कूलर बंद करा. त्याची घरघर आपल्या कानांना सवयीची झालेली असते, पण पलीकडे तेवढीच ऐकू जाते. घरातच किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर कॉल दुसऱ्या घरातून लावा, खटखटाटात काहीच पोचत नाही. आयुष्यभर मागावर काढलेल्यांना ऐकू कमी येतं. त्यांना वायरचे इअरफोन द्या आणि डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा. वीज गेली की वाय-फाय जातं, म्हणून मोबाइल डेटा तयार ठेवा. अंगात सैल कपडे असावेत, पाय उघडे करता आले पाहिजेत.

तीन प्रश्न कागदावर लिहा, सगळ्यांत महत्त्वाचा वर. त्रास सांगताना कधीपासून, दिवसातून किती वेळा, कशाने वाढतो हे क्रमाने सांगा. "चक्कर येते" एवढ्याने भागत नाही. घर गरगर फिरतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? पहिल्यात डॉक्टर कानाकडे बघतील, दुसऱ्यात बीपीकडे.

डॉक्टर तुमच्याकडून काही तपासण्या करून घेतील. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून खळगा राहतो का बघायला सांगतील, श्वास मोजायला सांगतील. तो पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंदांचे चौपट करू नका, आणि मोजतोय हे पेशंटला कळू देऊ नका. मधुमेह असेल तर दोन्ही तळव्यांचे, बोटांच्या बेचक्यांचे फोटो आधीच पाठवा. पुरळ किंवा गाठ असेल तर एक फोटो लांबून, एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. तळव्याला जखम किंवा काळा डाग दिसला तर फोटोवर थांबू नका, पेशंटला घेऊन जा.

१६ वर्षं किंवा त्याहून कमी वयाच्या मुलाच्या कॉलला घरचं मोठं माणूस समोर हवंच, हा नियम आहे. मोठ्यांच्या बाबतीत उलट काळजी घ्या: सगळं घर कॅमेऱ्यापुढे गोळा होऊ नये. लघवीचा त्रास आई जावयासमोर सांगणार नाही. पाच मिनिटं तिला एकटीला द्या.

कॉल ठेवण्याआधी विचारा: कोणती गोळी बंद, कोणती नवी, पुढची तपासणी कधी, आणि काय झालं तर थांबायचं नाही?

## ६. प्रिस्क्रिप्शन आणि मेडिकल

सही केलेल्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो किंवा पीडीएफ व्हॉट्सॲपवर देणं नियमात बसतं. त्यावर डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, तारीख, पेशंटचं नाव-वय हवं. नुसता "ही गोळी सुरू करा" असा मेसेज म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे; मेडिकलवाला नाही म्हणाला तर तो बरोबर आहे.

डॉक्टर काय लिहू शकतात याला पायऱ्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधं साध्या फोनवरही सांगता येतात. त्यापुढची काही पहिल्याच भेटीत लिहायची तर कॉल व्हिडिओचा लागतो. चालू गोळीला जोड म्हणून बीपीची दुसरी गोळी लिहिणं फेरतपासणीत चालतं. आणि शेड्यूल एक्स या कडक निर्बंधांच्या यादीतली किंवा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येणारी औषधं दूरवरून लिहायला मनाई आहे. झोपेच्या आणि जोरदार वेदनाशामक औषधांपैकी बरीच त्यात मोडतात. डॉक्टर तिथे नाही म्हणाले तर वाद घालू नका.

## ७. फसवणूक

रुग्णालयाचं नाव गुगलवर टाकून वर दिसेल तो नंबर लावू नका. अपॉइंटमेंटसाठी ५ किंवा १० रुपये भरा म्हणत लिंक येते किंवा ॲपची फाईल उतरवायला सांगतात, आणि खातं रिकामं होतं. नंबर जुन्या केसपेपरवरचाच घ्या. आभासाठी कोणी फोन करून ओटीपी मागत नाही. पैसे गेले तर लगेच १९३०. डॉक्टर नवे असतील तर नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

## ८. पुढे काय येतंय, आणि कशाला भुलू नये

येत्या काळात सोलापूरसारख्या जिल्ह्याला सगळ्यांत मोठा फायदा घरच्या मोबाइलमुळे नव्हे, गावातल्या केंद्रावरच्या यंत्रांमुळे होईल असं दिसतं. मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याचा फोटो खास कॅमेऱ्याने काढून दूरच्या नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणं, बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघणारा ईसीजी जागेवरून हृदयरोगतज्ज्ञाला दाखवणं, हातात मावणाऱ्या एक्स-रे यंत्रावर टीबीचा संशय पकडणं ही तंत्रं वापरात आलेली आहेत. करमाळा किंवा सांगोल्याच्या माणसाला यासाठी सोलापूरची खेप वाचणं म्हणजे एक दिवसाची मजुरी वाचणं.

कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरांना मदत करेल, पण २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यंत्राला स्वतः सल्ला देता येत नाही की औषध लिहिता येत नाही. चॅटबॉटला रिपोर्ट दाखवून गोळी बदलण्याची नवी खोड लागली आहे, ती आजच सोडा.

घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा असतो. नाडी अनियमित आहे का ते सांगायला तो बरा. हार्ट अटॅक नाही, अशी ग्वाही तो देत नाही. पट्टा न बांधता बीपी दाखवणाऱ्या घड्याळांच्या आकड्यावर गोळी ठरवू नका. दंडाला चिकटवायचा शुगरचा सेन्सर इन्सुलिन घेणाऱ्यांना खरोखर उपयोगी आहे. तो रक्ताऐवजी त्वचेखालच्या द्रवातली शुगर मोजतो, म्हणून बोटातल्या आकड्याच्या थोडा मागे चालतो. आपल्या उन्हाळ्यात घामाने तो मुदतीआधीच सुटतो, वरून लावायची चिकटपट्टी सोबतच मागवा.

आणि कितीही सोयी आल्या तरी वर्षातून एकदा हे प्रत्यक्षच: डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, तळपायांची संवेदना, दात, ईसीजी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन. बाहेरगावची मुलं जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येतात, तेव्हा दोन दिवस जास्त काढून हे उरकून घ्या. रक्ताची तपासणी आल्याच्या दुसऱ्या सकाळी, म्हणजे परत जाण्याआधी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटता येतं. दिवाळीवर ढकलू नका. त्या आठवड्यात बरेच डॉक्टर सुट्टीवर असतात, आणि चिवडा-शंकरपाळ्यांनंतरची शुगर तशीही कोणाला बघवत नाही.